भूक लागली तर लागू द्यावी का?

दवाखान्यातून : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

दिवाळी झाली की माझ्या टपालाचा नूर बदलतो. फराळाचे डबे रिकामे होतात, कुणीतरी वजनकाट्यावर उभं राहतं आणि घरात काहीतरी 'सुरू' होतं. यंदा आलेली बरीचशी पत्रं भुकेबद्दलच आहेत. त्यातली पाच इथे घेते. पहिलं लांबलचक आहे, तरी संपादकांना म्हटलं, कापू नका. सगळी मेख त्यातल्या वेळापत्रकातच आहे.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६. डोंबिवलीला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते. सकाळी साडेसहाला चहा आणि त्यात बुडवून एखादी शिळी पोळी. सव्वासातची लोकल. एकला डबा. संध्याकाळी साडेसातला घरी. मग स्वयंपाक, आणि जेवायला बसेपर्यंत साडेनऊ. यजमानांची तीन महिन्यांची साखर ६.१ आली म्हणून त्यांनी गणपतीनंतर दिवसातून दोनदाच जेवायचं सुरू केलं. वजन उतरलंय, खूश आहेत. आता मलाही सांगतात, ''मधे काही खाऊ नकोस. भूक लागली की समजायचं, चरबी जळतेय.'' सासूबाई म्हणतात, रिकाम्या पोटी राहिलीस तर पित्त खवळेल. ऑफिसातली मैत्रीण दर दोन तासांनी खाकरा काढून माझ्यासमोर धरते. पाच वाजता माझ्या पोटात कावळे ओरडतात, गाडीत तर शेजारणीला ऐकू जाईल इतकं पोट गुरगुरतं. सहन करते. पण घरी आल्यावर कणीक मळता मळता हात चिवड्याच्या डब्यात जातो. दोनदा तर उपाशी राहिल्यावर अर्धं डोकं ठणकलं, उलटी झाली, मगच बरं वाटलं. मधल्या वेळची भूक अशी अंगावर काढणं चांगलं की वाईट?

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देते. माणूस धडधाकट आहे, मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू नाही, बाई असेल तर गरोदर नाही, बाळ अंगावर पीत नाही. अशा प्रौढ माणसाला दोन जेवणांच्या मधे भूक लागली आणि ती तासभर तशीच राहिली, तर काही बिघडत नाही. पानावर बसताना भूक लागलेली असावी हे तर चांगलंच. पण तुमची पाच वाजताची भूक यात बसते का, याची मला शंका आहे. तिकडे येतेच.

बिघडत का नाही ते सांगते. रात्री नऊला जेवून सकाळी सातला चहा घेणारा माणूस दहा तास उपाशीच असतो, आणि तो झोपेत काही बेशुद्ध पडत नाही. यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो. जेवणातून आलेली साखर वापरून झाली की यकृत त्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं, जोडीला चरबीही खर्ची पडू लागते. त्यामुळे निरोगी माणसाची साखर चार-पाच तास न खाण्यानं घसरत नाही. ''डॉक्टर, शुगर लो झाली वाटतं,'' असं म्हणत माझ्याकडे येणाऱ्या, मधुमेह नसलेल्या बायकांच्या बोटाला मी तिथल्या तिथे सुई टोचते. ८५ येते, ९२ येते, म्हणजे अगदी व्यवस्थित. गळून गेलेल्या असतात हे खरं, पण त्याचं कारण साखर नसते. झोप, रक्त, थायरॉइड, कधी घरातली कटकट.

आता कावळ्यांबद्दल. जेवण जठरातून पुढे सरकून गेलं की साधारण दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून निघून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते. पंगत उठल्यावर खरकटं काढून जमीन पुसून घ्यावी, तसं ती उरलंसुरलं पुढे ढकलते. आतली हवा आणि पाणी ढवळलं जातं, त्याचा हा आवाज. तोंडात काही टाकलंत की ही लाट तिथेच थांबते. तेव्हा गाडीत पोट गुरगुरलं तर लाजायचं कारण नाही आणि घाबरायचंही नाही. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या वॉशबर्न या विद्यार्थ्यानं नळीला बांधलेला फुगा गिळला होता. फुगा पोटात फुगवला, पोट आवळलं की बाहेरच्या यंत्रावर रेघ उमटे, आणि भुकेची कळ जाणवली की हा पठ्ठ्या बटण दाबी. दोन्ही खुणा जुळल्या. विद्यार्थ्यांकडून काय काय करून घेत असत!

पण नुसतं पोट आवळणं म्हणजे भूक नव्हे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून रक्तात जाणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक सापडलं. ते मेंदूला 'खायला बघ' असं सांगतं. त्याची गंमत अशी, की ते घड्याळ ओळखतं. तुमची रोजची जेवायची वेळ जवळ आली की ते चढतं, आणि त्या वेळी जेवला नाहीत तरी काही वेळानं आपसूक उतरतं. माझी सोमवारची ओपीडी लांबते. साडेबाराला मला अशी भूक लागते, की समोरचा पेशंट काय सांगतोय तिकडे लक्ष ठेवायला कष्ट पडतात. आमच्या मावशी चहा आणि दोन खारी टेबलावर ठेवून जातात. खारी बशीतच राहते, कारण समोर माणूस बसलेला असताना तिचा चुरा सांडत खाणं बरं दिसत नाही. दीडच्या सुमाराला लक्षात येतं, की भूक गेली आहे. दोनला डबा उघडला की पुन्हा येते. जुन्या बायका म्हणतात ना, भूक मोडली, ते हेच. आणि जेवणाची वेळ बदलली तर आठवड्या-दोन आठवड्यांत भूकही नव्या वेळेला येऊ लागते.

यावरून यजमानांना एक सांगा. भूक लागली म्हणजे चरबी जळतेय, हे खरं नाही. भूक घड्याळानं लागते, वासानं लागते, स्टेशनबाहेर वडा तळताना दिसला तरी लागते. चरबी जळण्याचं ते मीटर नव्हे. चरबी कमी होते ती दिवसभरात, आठवडाभरात एकूण खाणं खर्चापेक्षा कमी झाल्यावर. त्यांचं वजन उतरलं, कारण दोनदाच जेवायचं ठरल्यावर चार वाजताचा चहा-बिस्किट आणि रात्रीचं टीव्हीपुढचं फरसाण सुटलं. उत्तम झालं. तीन महिन्यांची साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला वजन उतरणं हेच औषध.

दोनदा की दर दोन तासांनी, हा वाद आपल्याकडे २०१८-१९ मध्ये घराघरांत झाला. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून सांगतात, की कडकडून भूक लागेल अशा दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा आणि मधे साखरेचं काही नको. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं सांगणं, की घरचं, आपल्या मुलखातलं खा आणि फार वेळ उपाशी राहू नका. लग्नाच्या पंगतीतही लोक यावरून भांडलेले मी पाहिलेत. प्राग शहरात मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं आणि बारा आठवडे दोनदाच, उष्मांक तेवढेच. दोनदा जेवताना वजन सरासरी ३.७ किलो उतरलं, सहा वेळा खाताना २.३. दोनवाल्यांनी टाळ्या वाजवण्याआधी ऐका : ती दोन जेवणं सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होती. रात्रीला काही नाही. आपल्याकडे कोण करणार हे? आणि चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेल्या, २०२२ साली छापलेल्या अभ्यासात, सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच सगळं खाणाऱ्यांचं आणि दिवसभरात तेवढेच उष्मांक खाणाऱ्यांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. माझं मत असं : ज्याला ज्या पद्धतीत हात आवरता येतो, त्यानं ती धरावी. मैत्रिणीला मात्र सांगा, दर दोन तासांनी खाल्लं नाही तर चयापचय मंदावतं, ही निव्वळ अफवा आहे.

आता तुमचं वेळापत्रक. एक ते साडेनऊ हे साडेआठ तास झाले, ताई! याला मी 'दोन जेवणांमधली भूक' म्हणत नाही. त्यात दीड-दोन तास गर्दीत उभं राहून प्रवास, आणि घरी आल्यावर ओट्यापाशी उभ्या. यजमानांची भूक आणि तुमची भूक यांत हा फरक आहे. त्यांना भूक लागते तेव्हा समोर ताट येतं. तुम्हाला भूक लागते तेव्हा आधी चार जणांचं ताट तुम्हाला करायचं असतं. चिवड्याच्या डब्यात हात जातो म्हणून स्वतःला हावरट समजू नका. इतक्या उशिराच्या भुकेपुढे निग्रह टिकत नाही, कुणाचाच. मूठ-मूठ करत वाटीभर चिवडा पोटात जातो, त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही, वर साडेनऊला जेवण आहेच.

म्हणून तुमच्यासाठी दोनच वाटा. पहिली, जेवण आठच्या आत आणा. भाजी सकाळीच चिरून ठेवणं, कुकर दुसऱ्या कुणीतरी लावणं, हे तुमच्या घरात जमेल का ते तुम्हीच जाणे. यजमान दोनदा जेवतात म्हणजे त्यांचा मोकळा वेळ वाढला असणार, त्याचा उपयोग करून घ्या. ते जमत नसेल तर दुसरी वाट : गाडी पकडण्याआधी पाचला नीट बसून खा. मूठभर भाजलेले चणे-दाणे आणि एक केळं, किंवा मटकी भिजवून उकडून आणलेली, किंवा उकडलेलं अंडं. मग घरी आल्यावर तुमचा हात कणकेतच राहील.

तिसरी गोष्ट तुमच्या डब्याची. तुम्ही लिहिलं नाही, पण मी सांगते त्यात काय असतं : दोन-तीन पोळ्या आणि कोरडी भाजी. आमटी सांडते म्हणून डब्यात नसते. सकाळीही चहा-पोळीच. म्हणजे दुपारी एकपर्यंत पोटात डाळ नाही, दही नाही, उसळ नाही. अशा जेवणानंतर चारलाच भूक लागली तर नवल काय! घट्ट झाकणाचा एक छोटा डबा घ्या आणि रोज त्यात वाटीभर उसळ किंवा दही न्या. पाचची भूक सहावर जाते की नाही बघा.

सासूबाईंचं पित्त राहिलं. जठरात आम्ल तयार होतं ते मुख्यतः खाण्याच्या निमित्तानं. रिकाम्या पोटी ते कमी पाझरतं. छातीत जळजळ बहुतेकांना भरपेट खाऊन आडवं झाल्यावर होते. मात्र रिकाम्या पोटी बेंबीच्या वर दुखतं आणि खाल्लं की थांबतं, रात्री दुखण्यानं जाग येते, असं असेल तर तो ड्युओडेनममधला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला व्रण असू शकतो. तो बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा दुखण्याच्या गोळ्या सतत घेतल्यानं होतो, आणि त्याला औषध आहे. शौचाला डांबरासारखं काळं झालं, गिळताना अडकलं किंवा विनाकारण वजन घटलं, तर वाट बघू नका, तपासून घ्या.

तुमचं अर्धं डोकं ठणकणं आणि उलटीनंतर बरं वाटणं मला पित्ताचं वाटत नाही. ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन असावी. आपल्याकडच्या कितीतरी बायका आयुष्यभर 'मला पित्ताचा त्रास आहे' म्हणत सोड्याची पुडी घेत राहतात, आणि असतं ते मायग्रेन. ते अनेकांना जेवण चुकलं, झोप चुकली, ऊन लागलं की उठतं. अशा माणसानं उपाशीपणाचे प्रयोग करू नयेत, हा माझा स्पष्ट सल्ला. जेवणाच्या वेळा पाळा आणि डॉक्टरांना डोकेदुखीचं वर्णन जसंच्या तसं सांगा, 'पित्त' हा शब्द न वापरता. ४६ व्या वर्षी पाळीत जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनही बघून घ्या. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की दोष मात्र भुकेला दिला जातो.

सासूबाईंना आयुर्वेदाचा आधार हवा असेल तर त्यांना सांगा, चरकानं अडवू नयेत असे जे तेरा वेग सांगितलेत, त्यांत भूक आहे. आणि आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं, म्हणजे अध्यशन, हाही दोषच म्हटलाय. तुम्हा दोघींचंही समाधान होईल.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक, मु. बार्शी. चौदा वर्षांपासून मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतो, रक्तदाबाची वेगळी. भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ पाहून सकाळचा नाश्ता बंद केला. गोळी मात्र नियमानं सातला घेतो. परवा पेन्शनच्या कामासाठी बँकेत रांगेत उभा होतो. अकराच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरच्या खिडकीवरचे आकडे दिसेनात. कुणीतरी पेढा दिला, अर्ध्या तासानं बरं वाटलं. भूक सहन करण्याची ताकद वाढवण्यासाठी काय करावं?

उत्तर : सर, ताकद वाढवू नका. उद्यापासून नाश्ता सुरू करा आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. तुम्हाला रांगेत झालं त्याला भूक म्हणत नाहीत. ती रक्तातली साखर घसरल्याची लक्षणं आहेत.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते. पोटात नाश्ता गेलाय की नाही, हे ती बघत नाही. म्हणून ती पहिल्या मोठ्या खाण्याबरोबर घ्यायची असते. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांचंही तसंच, आणि इन्शुलिनचं तर विचारूच नका. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर इतकी सहसा घसरत नाही. काहींना डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असते. त्यांनी लांबचे उपास करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, कारण त्यात साखर फार न वाढताही रक्तात कीटोन आम्लं, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, धोका होईल इतकी साठू शकतात.

पुन्हा असं झालं तर : यंत्र जवळ असेल तर साखर बघा, ७० च्या खाली असली की ती कमी. यंत्र नसेल तर बघत बसू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पेढा नको, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो, म्हणूनच तुम्हाला अर्धा तास लागला. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच साखर. बरं वाटल्यावर पोळी-भाजी, दूध-भाकरी असं काहीतरी पोटात घालाच. या गोळ्यांचा अंमल लांबतो, साखर काही तासांनी परत घसरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, सरळ रुग्णालय गाठावं. हे घरच्यांनाही वाचून दाखवा.

रक्तदाबाची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर साखर घसरल्यावर होणारी छातीतली धडधड जाणवत नाही. घाम तेवढा येतो. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

दोनदा जेवायचंच असेल तर तेही होऊ शकतं, पण गोळीचा डोस आणि जेवणाची वेळ एकाच दिवशी, एकाच टेबलावर ठरवायची. भाचा डॉक्टर नाही ना?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. जेवायला बसला की दोन घासांत पोट भरलं म्हणतो. मी ताट घेऊन मागे मागे फिरते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात वजन-उंची ठीक आहे. त्याला भूकच लागत नाही, भूक वाढवायचं टॉनिक सुचवाल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : टॉनिक नको. सकाळी कप भरून दूध, शाळेतून येताना रिक्षात बिस्किटाचा पुडा, आल्यावर पुन्हा दूध, खेळून आला की वेफर्स. तुमच्या घरी हे होत नसेल तर मला कळवा, पण होत असणार. भूक लागायला त्याला वेळच मिळत नाही.

मुलांना मोठ्यांसारखे सात-आठ तास उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचे साठे लहान असतात. तीन जेवणं आणि मधे दोन छोटी खाणी, ठरलेल्या वेळी. त्यांच्या मधल्या दोन-अडीच तासांत फक्त पाणी. दिवसभरात दूध दोन कपांवर नको. जेवायला बसल्यावर त्याला किती खायचं ते त्याला ठरवू द्या, वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला. ओरडू नका, मोबाइल दाखवू नका, मागे फिरू नका. तासाभरानं 'आई, भूक' म्हणाला तर खाण्याची पुढची वेळ सांगा. पहिले तीन-चार दिवस आजी तुमच्याशी बोलणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी १९ वर्षांची आहे, कोल्हापूरला हॉस्टेलवर राहते. मेसचं जेवण निम्मं टाकते. सकाळी काळी कॉफी, मग थेट रात्री. पोट गुरगुरलं की मला छान वाटतं, आपण जिंकलो असं. वजन बरंच उतरलंय, तरी मांड्या जाड दिसतात. तीन महिने पाळी आली नाही. मैत्रिणी म्हणतात बारीक झालीस. भूक लागणं चांगलंच असतं ना?

उत्तर : बाळा, वर डोंबिवलीच्या ताईंना जे लिहिलंय ते तुझ्यासाठी नाही. त्यांच्या भुकेनंतर जेवण येतं. तुझ्या भुकेनंतर काही येत नाही, आणि न येण्याचा तुला आनंद होतो. मला काळजी वाटते ती या आनंदाची.

पाळी थांबली, कारण शरीरानं खर्चात कपात सुरू केली आहे. हाच काळ हाडं भरण्याचा असतो, आणि ती संधी तिशीनंतर परत मिळत नाही. मनाचंही सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, ते स्वतःहून तयार झाले होते. पुढे पुढे त्यांना दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, एकेक घास तासभर पुरवायचे, चिडायचे, एकटे राहायचे. त्यांच्या स्वभावात आधी तसं काही नव्हतं. उपाशी मेंदू असाच वागतो. तुलाही दिवसभर खाण्याचेच विचार येतात का? येत असतील तर त्यात तुझा काही दोष नाही.

या आठवड्यात दोन गोष्टी कर. एक, डॉक्टरांकडे जा आणि पाळीबद्दल, जेवणाबद्दल दोन्ही खरं सांग. रक्त, नाडी, रक्तदाब बघायला लाव. दुसरी, घरात किंवा हॉस्टेलवर एका माणसाला हे पत्र दाखव, मला लिहिलंस तसंच. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. उभं राहताना चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा बेशुद्ध पडलीस तर आठवडाही थांबू नकोस, त्याच दिवशी जा. आणि एकदम भरपूर खायला सुरुवात करू नकोस. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला तेही झेपत नाही, डॉक्टर टप्प्याटप्प्यानं सांगतील तसं खा. मला पुन्हा लिही, छापण्यासाठी नको असेल तर पाकिटावर तसं लिही.

प्रश्न : मधल्या वेळेला भूक मारायला ग्रीन टी, लिंबू-मध-पाणी, ताक यातलं काय चालेल? भूक खरी की खोटी हे कसं ओळखावं? (जयसिंगपूर)

उत्तर : बिनसाखरेचा चहा चालेल, पातळ ताक चालेल, पण दोन्ही 'भूक मारायला' म्हणून नको, तहान लागली म्हणून घ्या. कधी कधी ती तहानच असते. मध म्हणजे साखरच, मोठ्या चमचाभर मधात साठेक उष्मांक असतात. रिकाम्या पोटी कडक चहावर चहा घेऊन भूक ढकलणारे पुष्कळ आहेत. त्यांची रात्रीची झोप उडते आणि जळजळ सुरू होते, मग तेही सासूबाईंच्या पित्ताच्या यादीत.

खऱ्या-खोट्याबद्दल : भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा चालतो म्हणतात. समोर कालची ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आहे असं मनात आणा. ती खावीशी वाटली तर भूक लागली आहे, जेवणाला अवकाश असेल तर खुशाल खा. भाकरी नको, पण भडंग असेल तर खाईन, असं वाटलं तर ती तल्लफ आहे. तुम्ही तर जयसिंगपूरचे. तुमच्या गावात ही परीक्षा जरा अवघडच आहे, भडंगाचा डबा वरच्या फळीवर ठेवा.